ॲल्युमिनियमची होडी घ्यायची तर आधी बूड बघा

होडी घ्यायला निघालेला माणूस आमच्याकडं पहिला प्रश्न विचारतो तो लांबीचा. "किती फुटी हाय?" विकणाराही त्याच मापात भाव सांगतो, दहा फुटी एवढ्याला, बारा फुटी तेवढ्याला. माझं सांगणं असं की भाव लांबीवर ठरवूच नका. बुडाचा पत्रा किती जाड, कोणत्या मिश्रधातूचा आणि कसा जोडलेला, यावर ठरवा. बाकी सगळं नंतर बदलता येतं. बूड बदलायचं म्हणजे नवी होडीच करायची.

मी पैठण तालुक्यातला, भोई घरातला. चुलते आणि भाऊ नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, जाळं टाकतात, मी वाळूजला फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करतो. त्यामुळं गावात, आसपासच्या वस्त्यांवर कुणाला होडी घ्यायची असली की "जरा संगं चल, बघून दे" म्हणून मला नेतात. थर्माकोलच्या तराफ्यावरून आणि लोखंडी पत्र्याच्या होडीवरून लोक ॲल्युमिनियमकडं वळायलेत याचा मला मनापासून आनंद आहे. तराफ्यावर बसून चार-पाच पुरुष खोल पाण्यावर जाळं ओढणारी माणसं घरची असली की तो आनंद काय असतो ते कळतं. पण स्वस्तातल्या होड्यांमध्ये फरक फार मोठा असतो आणि नवा पत्रा सगळाच चकाकतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आपलं पाणी कसं आहे ते आधी लक्षात घ्या. जायकवाडीचा जलाशय साधारण ५५ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त २७ किलोमीटर रुंद. पसारा मोठा, खोली त्या मानानं कमी. वारा सुटला की अशा पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि त्या बुडावर सारख्या आपटत राहतात. दुसरी गोष्ट, आपली धरणं दरवर्षी भरतातच असं नाही. मांजरा, माजलगाव, निम्न तेरणा, कितीदा मृतसाठ्यात गेलेली आपण बघितली. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाची धरणं आठवा. पाणी उतरलं की बाभळीची खोडं, जुन्या विहिरींचे काठ, बुडालेल्या गावांच्या दगडी भिंती पाण्याच्या वीतभर खाली येतात. त्यावर होडी घासते. किनारा रोज मागं सरकतो, म्हणून होडी गाळातून आणि खडकावरून ओढत न्यावी लागते. गोव्याच्या किंवा कोकणच्या खाडीत चालणारी होडी इथं चालेलच असं नाही. खारं पाणी आपल्याकडं नाही, पण दगड भरपूर आहे.

जाडी कशी ओळखायची

बारा फुटी होडीचं बूड अडीच ते तीन मिलिमीटर आणि बाजू दोन मिलिमीटर असाव्यात, हे माझं मत. दोन मिलिमीटरचं बूड चालतं, पण आतल्या फासळ्या एक-सव्वा फुटावर असल्या तरच. दीड मिलिमीटरचं बूड शेततळ्यात खाद्य टाकायला ठीक आहे, धरणात जाळं ओढायला नाही. अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटेल. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दीडपेक्षा किंचित जास्त, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या जागी २ घेतला तर जाडी सव्वापट होते आणि ताठपणा जवळजवळ दुप्पट.

विकणारा गेजमध्ये सांगेल. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण गेजचीही दोन मापं चालतात, तिथं गडबड होते. ब्रिटिश मापात १४ गेज म्हणजे २.०३ मिलिमीटर, आणि अमेरिकन मापात १४ गेज म्हणजे १.६३. दोघंही "चौदा गेज" म्हणतात, दोघंही खरं बोलतात. म्हणून गेज ऐकूनच घेऊ नका, "मिलिमीटरमध्ये सांगा" म्हणा. अमेरिकेतल्या जॉन बोटींचे, म्हणजे सपाट बुडाच्या लहान होड्यांचे, व्हिडिओ बघून जे येतात त्यांच्यासाठी: तिकडं जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. शंभर म्हणजे २.५४ मिलिमीटर, ऐंशी म्हणजे २.०३, त्रेसष्ट म्हणजे १.६.

मोजायला व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायचं माप, न्या. काठाला मात्र लावू नका, काठ दुमडलेला असतो किंवा वरून पाइप बसवलेला असतो. पाणी काढायच्या बुचाच्या भोकात जबडा घालून बुडाची जाडी घ्या, भोकाभोवती वेगळी चकती वेल्ड केलेली नाही ना ते बघून. मोठ्या शॉपमध्ये अल्ट्रासॉनिक जाडीमापक असतं, ते एका बाजूनं टेकवलं तरी आकडा सांगतं. ओळख असेल तर मागून न्या.

यातलं काहीच जवळ नसलं तरी अडत नाही, होडी काट्यावर चढवा. आडतीत धान्याचा काटा असतोच. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणजे एक चौरस मीटर पत्रा एक मिलिमीटर जाडीला २.७ किलो भरतो. आता ३.६ मीटर लांब, १.१ मीटर रुंद बुडाची, अर्धा मीटर उंच बाजूंची होडी धरा. बूड सुमारे ४ चौरस मीटर, दोन्ही बाजू मिळून ३.६, पुढचा-मागचा भाग १.२. एकूण ८.८ चौरस मीटर. सगळा पत्रा २ मिलिमीटरचा असेल तर नुसता पत्रा साडेसत्तेचाळीस किलो. फासळ्या, बाकडी, काठाचा पाइप यांचे पंधरा-वीस किलो वर. म्हणजे होडी बासष्ट ते अडुसष्टच्या आसपास भरायला हवी. विकणारा दोन मिलिमीटर म्हणतोय आणि काटा पंचेचाळीस दाखवतोय, तर पत्रा सव्वा मिलिमीटरचा आहे. तिथं वाद घालत बसायचं कारण नाही, हिशेब कागदावर मांडून समोर ठेवा. बूड ३ आणि बाजू २ मिलिमीटरच्या असतील तर होडी पंचाहत्तरच्या घरात जाते. त्यापुढं जड घेऊ नका, कारण मे महिन्यात ती दोघा माणसांना गाळातून ओढायची आहे. पाऊणशे किलो दोघं ओढू शकतात. शंभरला तिसरा माणूस लागतो आणि तिसरा माणूस रोज मिळत नाही.

वजनाच्या आकड्यात एक पळवाट असते. होडी तरंगावी म्हणून बाकड्याखाली भरलेला फोम पाण्यानं भिजलेला असला की होडी जड भरते आणि पत्रा जाड वाटतो. जुनी होडी घेताना हे विसरू नका. फोमचं पुढं सांगतो.

पत्र्याची जात

सगळं ॲल्युमिनियम एक नसतं. भांड्यांचा पत्रा मऊ असतो. होडीला मॅग्नेशियम मिसळलेला ५००० मालिकेतला पत्रा लागतो. त्यात ५०५२ सगळ्यात सहज मिळतो, त्यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असतं. ५०८३ आणि ५०८६ त्याहून कणखर आणि महाग. स्वस्त होडीला ५०५२ पुरेसा आहे, त्याच्यापुढं एच ३२ असं लिहिलेलं असावं. ते कडकपणाचं माप आहे. काठाचे पाइप, अँगल, फासळ्या ६००० मालिकेतल्या चालतात. पण खिडक्यांना वापरतात तो ६०६३ पातळ सेक्शन फासळी म्हणून घातलेला दिसला तर थांबा. तो काठाला शोभतो, बुडाखाली वाकतो.

पत्र्यावर कारखान्यातून शाईचा शिक्का येतो, जात, कडकपणा आणि जाडी सगळं त्यात असतं. होडी बनवताना तो आतल्या बाजूला, बाकड्याखाली कुठंतरी राहतोच. शोधा. नवी बनवून घेत असाल तर पत्रा कापायच्या आधी जाऊन शिक्का बघा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि मिलचं, म्हणजे पत्र्याच्या कारखान्याचं, टेस्ट सर्टिफिकेट मागा. चांगला कारागीर यानं नाराज होत नाही. मला स्वतःला तर असं विचारणारं गिऱ्हाईक आवडतं, कारण त्याच्याशी पुढचं सगळं सरळ बोलता येतं.

शिक्का नसेल तर कापून उरलेली बोटभर रुंदीची पट्टी मागा. हातानं वाकवा. मऊ पत्रा जसा वाकवला तसाच पडून राहतो. ५०५२ एच ३२ जोर लावायला लावतो आणि सोडल्यावर थोडा परत येतो. मऊ पत्र्याची एक पट्टी शेजारी धरून दोन-चार वेळा दोन्ही वाकवल्या की हाताला फरक समजतो. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण मऊ पत्रा तेवढ्यानं ओळखता येतो.

बुडाला आतून गुडघा टेकवून भार द्या. डब्याचं झाकण दाबल्यासारखा 'टक्' आवाज करत पत्रा आत-बाहेर होत असेल तर फासळ्या एकमेकींपासून लांब आहेत. असा पत्रा प्रत्येक लाटेला हलतो. लोखंडाला ठरावीक ताणाखाली कितीही वेळा हलवलं तरी चालतं, ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. थोडं थोडं हलत राहिलं तरी शेवटी भेग पडते, आणि ती पडते फासळीच्या टोकाशी. म्हणून जुन्या होडीत सगळ्यात आधी फासळ्यांची टोकं बघायची, बॅटरी आडवी धरून. उजेड तिरपा पडला की केसाएवढी भेगही सावली टाकते.

जोड: रिवेट की वेल्डिंग

लोक मला वेल्डिंगवाला म्हणून विचारतात आणि त्यांना वाटतं मी वेल्डिंगच घ्या म्हणेन. पण दोन मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याला रिवेट, म्हणजे भोकात घालून ठोकलेल्या धातूच्या खुंट्या, बरे. पातळ ॲल्युमिनियम वेल्ड करणं अवघड आहे. धातू ६६० अंशांना वितळतो आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या वर. पापुद्रा साफ न करता, ओलसर तारेनं किंवा वाऱ्यात उघड्यावर वेल्ड केलं तर आत छिद्रं राहतात. शिवाय वेल्डच्या शेजारचा पट्टा गरम होऊन मऊ पडतो, एच ३२चा कडकपणा तिथं उरत नाही. चांगले भरीव रिवेट ठोकलेली होडी वर्षानुवर्षं चालते, आणि ढिला झालेला रिवेट गावातही पुन्हा ठोकता येतो. एक जण बाहेरून हातोडा धरतो, दुसरा आतून ठोकतो.

पण रिवेट भरीव हवेत. स्वस्तात करायचं म्हणून पॉप रिवेट मारलेले असतात, ते मधून पोकळ. त्यांच्यात अडकलेला खिळ्याचा तुकडा बहुधा लोखंडी असतो. तो गंजतो, सुटतो आणि त्या भोकातून पाणी येतं. इथं खिशातलं लोहचुंबक कामाला येतं. ॲल्युमिनियमला ते चिकटत नाही, म्हणून रिवेटवर चिकटलं की आत लोखंड आहे समजा. पाण्याच्या रेषेखाली असे रिवेट असलेली होडी मी घेऊ देत नाही. दोन पत्र्यांच्या मधे सीलंट घातलंय का तेही बघा, शिवणीच्या कडेला त्याची बारीक रेघ बाहेर आलेली दिसते.

वेल्डेड होडीत बुडाची आणि बाजूंची शिवण सलग असली पाहिजे. आतल्या फासळ्यांना तुकड्या-तुकड्यानं वेल्ड केलेलं चालतं, उलट तेच बरं. वेल्डची रेघ माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक, सारख्या अंतरानं आलेली हवी. रेघ जिथं संपते तिथं खड्डा असेल तर नखानं चाचपा, भेगेची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. वेल्डच्या बाजूला काळसर धूर बसलेला दिसला तर घाबरू नका. मिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे बंदुकीतून सतत तार सुटते त्या वेल्डिंगमध्ये, तारेतलं मॅग्नेशियम जळून तो बसतो, फडक्यानं निघतो. घाबरायचं असेल तर घासून गुळगुळीत केलेल्या, वरून रंग दिलेल्या शिवणीला घाबरा. ॲल्युमिनियमला गोड्या पाण्यात रंगाची गरज नसते. स्वस्त होडीच्या बुडावर जाड रंग दिसला तर पहिला प्रश्न हा विचारायचा की रंग का दिला? खाली पुट्टी असते. नाण्यानं टकटक करत जा, पुट्टीवर आवाज बसका येतो.

गळती बघायची खात्रीची रीत जुनी आहे. बाहेरून शिवणीवर खडू ओला करून फासा, वाळू द्या. आतून शिवणीवर घासलेट लावा. घासलेट आता मिळत नाही म्हणाल तर डिझेल. तासाभरात कुठं बारीक छिद्र असेल तर पांढऱ्या खडूवर काळपट डाग उमटतो. पाणी जिथून जात नाही तिथून घासलेट जातं. विकणारा म्हणतो, "दाजी, पाणी भरून बघा ना." भरून बघता येतं, पण वितभर पाण्याचं वजन आठ-नऊशे किलो होतं, होडी सपाट वाळूवर टेकलेली नसेल तर नवीच वाकेल. चार बोटं पाणी पुरे.

मागची फळी आणि बाकड्याखालचा फोम

वल्ह्यावर चालवणार असाल तर मागच्या फळीचं फार मनावर घेऊ नका. इंजिन लावणार असाल, दोन-पाच हॉर्सपॉवरचं का असेना, तर मात्र ती नीट बघा. पत्र्याच्या दोन थरांत प्लायवूड घातलेलं असतं. ते मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचं हवं. साधं प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतं. मरीन प्लायलाही एक अट आहे. त्याला लावलेल्या औषधात बरेचदा तांब्याचे क्षार असतात, आणि तांबं ॲल्युमिनियमला खातं. म्हणून प्लाय आणि पत्रा यांच्यामधे इपॉक्सीचा थर हवा. फळी दोन्ही हातांनी धरून जोरात मागं-पुढं हलवा, कोपऱ्यांत पत्रा हलताना दिसला तर तिथं आडवा आधार वेल्ड करून घ्या. फळीची उंचीही मोजा. आखूड शाफ्टच्या इंजिनाला १५ इंच लागते, लांब शाफ्टला २०.

तांब्याचं निघालं म्हणून सांगतो. होडीत तांब्याची नळी, पितळी बूच, लोखंडी नटबोल्ट ॲल्युमिनियमला थेट टेकवून लावू नका. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम झिजतं. स्टेनलेसचे बोल्ट नायलॉनचा वॉशर आणि सीलंट घालून बसवा. ओली पोती, ओला गाळ, खताची किंवा सिमेंटची फाटकी गोणी बुडावर दिवसच्या दिवस पडून राहिली तरी पत्र्याला खड्डे पडतात. पांढरी भुकटी दिसली की तिथं खरवडून बघा.

आता फोम. याबद्दल मी सगळ्यांना तळमळीनं सांगतो, कारण स्वस्त होडीत पहिली काटछाट इथंच होते. लाकडाची होडी पाणी भरलं तरी तरंगते, ॲल्युमिनियमची तळाला जाते. बाकड्याखाली बंद पेट्या असतात त्यात फोम भरलेला असायला हवा, आणि बरेचदा त्या पेट्या रिकाम्या असतात. रिकाम्या पेटीला एक भोक पडलं की संपलं. किती फोम लागतो? सत्तर किलोची होडी पाण्यात बुडाली की तिचं वजन चव्वेचाळीस किलोच उरतं, बाकीचं पाणी उचलतं. वीस किलोचं इंजिन असेल तर त्याचे आणखी पंधरा-सतरा. म्हणजे होडी नुसती तरंगत राहायला साठेक लिटर फोम लागतो. तिला धरून दोन माणसं थांबणार असतील तर नव्वद-शंभर लिटर तरी ठेवा. साधा थर्माकोल भरला असेल आणि पेट्रोल सांडलं तर तो विरघळतो, हे ध्यानात ठेवा. पॉलियुरेथेन फोम हळूहळू पाणी पितो. आमच्याकडं सगळ्यात भरवशाचं ठरलेलं साधन म्हणजे दोन लिटरच्या झाकणबंद प्लास्टिकच्या बाटल्या, जाळीत बांधून बाकड्याखाली गच्च बसवलेल्या. पन्नास बाटल्या म्हणजे शंभर लिटर. त्या बाहेर काढून बघता येतात, फुटलेली बदलता येते.

घेतल्यावर पहिलं काम, कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम पाण्यानं भरा आणि बघा. दोन्ही टोकं सारखी वर राहिली पाहिजेत. एक टोक खाली गेलं तर बाटल्या त्या टोकाला वाढवा. आणि फोम कितीही असला तरी लाइफ जॅकेट वेगळं लागतंच, अंगावर, नुसतं बाकड्याखाली नव्हे.

किती भार पेलेल

अमेरिकेत वीस फुटांखालच्या होडीवर किती माणसं, किती वजन याची पट्टी कायद्यानं लावावी लागते. आपल्या कारागिराच्या होडीवर अशी पट्टी क्वचितच असते, म्हणून हिशेब आपण करायचा. तिकडचा ढोबळ नियम असा: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. बारा बाय चार म्हणजे तीन माणसं. पण त्यात माणूस सुमारे ६८ किलोचा धरलेला आहे, ओलं जाळं आणि कटला-रोहूनं भरलेले क्रेट धरलेले नाहीत. आपल्या कामात त्याच होडीत दोनच माणसं. सपाट बुडाची चार चौरस मीटरची होडी दर चाळीस किलोला एक सेंटिमीटर खाली जाते, यावरून पट्टीनं मोजून बघता येतं. सगळा भार घातल्यावर काठ पाण्याच्या वर एक फुटापेक्षा कमी राहायला नको.

सपाट बूड की पुढून उतरतं? शेततळी, लहान तलाव, विष्णुपुरीसारखं नदीच्या पात्रातलं पाणी असेल तर सपाट बूड, त्यावर उभं राहून जाळं ओढता येतं. नाथसागर, येलदरीसारख्या मोठ्या पाण्यात पुढचं टोक तरी उतरतं घ्या, नाहीतर वारा आला की प्रत्येक लाट सपाट बुडावर आदळते. बुडाखाली लांबीच्या दिशेनं दोन-तीन घसरपट्ट्या लावून घ्या. दगडावर त्या झिजतात, पत्रा वाचतो, आणि झिजल्या की तेवढ्याच बदलता येतात. थोडक्या पैशात होडीचं आयुष्य वाढवणारी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

किंमत

रीत दाखवायला आकडे धरतो, बाजारभाव समजू नका. एक होडी तीस हजारांची, दीड मिलिमीटरची, तीन वर्षं चालली. वर्षाला दहा हजार. दुसरी अठ्ठेचाळीस हजारांची, बूड तीनचं, दहा वर्षं चालली. वर्षाला चार हजार आठशे, आणि शेवटी भंगारात तिचं वजनही जास्त भरतं. पण हातात तीसच हजार असतील तर? तर लांबी कमी करा. बारा फुटीच्या पातळ होडीऐवजी दहा फुटी जाड बुडाची घ्या, बाकडी साधी ठेवा, रंग नको, सीटकव्हर नको, गळाच्या दांड्यांचे स्टँड नकोत. पैसा बुडात, शिवणीत आणि फोममध्ये जाऊ द्या.

भाव पडताळायला त्या दिवशीचा ५०५२ पत्र्याचा किलोचा दर एखाद्या धातूच्या दुकानात विचारा आणि होडीच्या वजनाशी गुणा. तो आला कच्चा माल. मजुरी, गॅस, तार, कारागिराचा नफा हे वर द्यायलाच हवं, त्यात घासाघीस करून त्याला पातळ पत्रा वापरायला लावू नका. मात्र होडीचा भाव नुसत्या पत्र्याच्या किमतीच्याही खाली असेल तर तो पत्रा ५०५२ नाही, किंवा सांगितलेल्या जाडीचा नाही.

खरेदीआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात एक चक्कर मारा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात मंजूर खर्चाच्या सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्क्यांपर्यंत मदत ठरलेली होती, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या होडी-जाळ्याचाही त्यात समावेश होता. योजना अजून चालू आहे का, यंदा अर्ज चालू आहेत का, होडीला कोणती मापं मागितलीत, हे लिहून घ्या आणि मंजुरी हातात पडायच्या आधी होडी उचलू नका. मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व चालू नसेल तर आधी ते करा. बायकोच्या किंवा आईच्या नावानं सभासदत्व असेल तर अर्ज त्यांच्या नावानं करायचा विचार करा, कारण घरात जाळं विणण्यापासून मासा विकण्यापर्यंतचं काम त्याच करतात.

व्यवहार ठरला की सगळे पैसे एकदम देऊ नका. तीन हिस्से करा: एक हिस्सा ठरवताना, दुसरा हिस्सा शिक्का बघून, पत्रा कापायच्या आधी, उरलेला काट्यावर वजन आणि खडूची चाचणी झाल्यावर. आणि बिलावर एवढं लिहून घ्या: "बूड ३ मि.मी., बाजू २ मि.मी., पत्रा ५०५२ एच ३२, पाण्याखालची शिवण सलग, एकूण वजन अमुक किलो, एका वर्षात शिवण गळाल्यास दुरुस्ती विनामूल्य." तयार होडीच्या मागच्या फळीवर आतून तुमच्या नावाची अक्षरं आणि एक नंबर पंचानं ठोकून घ्या, फोटो काढून ठेवा. ॲल्युमिनियमला भंगारात दर चांगला मिळतो आणि रात्री किनाऱ्यावर साखळीविना ठेवलेली होडी सकाळी तिथं असेलच असं नाही.